धडा

एकोणिसाव्या फेरीला उजळतं ते.
पानात, मुळात, कळीत, हिरव्या फळात,
एकोणीस, थोडं अलीकडे, थोडं पलीकडे.
असं निबंधांत लिहिलेलं होतं
आणि मी ते मानलं,
दुकानदाराचं वजन कोण उलटं करून बघतं?

त्रेस पोंतासच्या बाहेर, डांबर संपतं तिथं आमचं काचघर.
कॉफीच्या चोवीस कुंड्या. बारांना पाणी, बारांना नाही.
आदेमिर रोज सकाळी एकेक कुंडी काट्यावर ठेवतो
आणि तहानलेल्यांची हळू आवाजात माफी मागतो.
बाविसाव्या दिवशी पानं कडेनं वळली.
मी ती खुडली, मुळं उपसली,
गोठवली, खलात कुटली.
पांढरा धूर, हिरवं पीठ.
कॉफीचं पान कुटताना कॉफीचा वास येत नाही;
हे सांगितलं की लोक हिरमुसतात.

मला विचारायचं होतं एवढंच
की तहानेत झाड कुठला शब्द मोठ्यानं बोलतं.
पण मोठ्यानं म्हणजे कशापेक्षा?
त्यासाठी हवं एक जनुक, एकसुरी,
रोज साखर फोडणारं, चूल पेटती ठेवणारं,
ज्याच्यापर्यंत दुष्काळाची बातमीच जात नाही.

तसं धरून तीन महिने आलेख काढले.
देखणे होते. एकेक खांब गच्चीएवढा.

मग एका रात्री, यंत्रात जागा उरली म्हणून,
मोजून सारखा माल भरला सगळ्या खळग्यांत
आणि फक्त त्यालाच विचारलं.
ओल्या मुळांत एकोणीस.
कोरड्या मुळांत साडेबावीस.

साडेतीन फेऱ्या. दर फेरीला दुप्पट.
म्हणजे अकरा पट.
माझी ओरडणारी जनुकं कदाचित ओरडत नव्हतीच,
गप्प झालं होतं ते माप.

आई, दोना झुलेइदे, तोडणीला जायची.
साठ लिटरचं लाकडी खोकं, त्यावर मजुरी.
मापाडी सेउ व्हिसेंतिनो, भला माणूस, देवभक्त.
आईनं घरून पंधरा लिटरचा चरबीचा डबा नेला,
चार डब्यांत भरायला हवं ते खोकं
साडेचार गिळून वर आ वासून राहिलं.
तो म्हणाला, बाई, तुझा डबा चेपलाय.
आणि खरंच चेपला होता थोडा.

दुसऱ्या दिवशी तीन घरांतले तीन डबे.
बायकांनी ते आधी एकमेकींत ओतून पाहिले,
झुलेइदेचा कोन्सेसाँवच्यात, तिचा इराईदेसच्यात,
कोण कुणाशी किती भांडतं ते.
मग खोक्याकडे वळल्या.

खोकं बदललं नाही.
पुढच्या हंगामात आईला कामावर घेतलं नाही.
डबा अजून आहे, त्यात काळा घेवडा असतो.

मी अकरा जनुकं मांडली.
अकराही एकमेकांत ओतली.
सर्वांत आधी बाद झालं ते चुलीचं,
मग सांगाडा उभारणारं, ज्याच्यावर माझा जीव होता.
उरली दोन, कमीत कमी भांडणारी.
एक कचऱ्यावर खुणा करतं, टाकून द्यायच्या.
दुसऱ्याला नीट नावही नाही, नुसता आकडा.
दोघांची मिळून सरासरी. एकट्यावर नाही.
तीही पानामुळांपुरतीच.
कळीला ती चालेना, कळीनं तिसरीच जोडी मागितली.

नव्या मापानं मोजले तेव्हा
गच्चीएवढे खांब उंबऱ्याएवढे झाले.
एक मात्र राहिला, पूर्वी ज्याच्याकडे
मी पाहिलंही नव्हतं.

प्राध्यापिका म्हणाल्या, तीन महिने.
मी म्हटलं, हो.
अहवालात त्याचं एक वाक्य झालं, कर्मणी प्रयोगातलं.

बाहेर आदेमिर.
प्रयोग संपला तरी कुंड्या वजन करतो आहे.
रिकामी कुंडी आधी ठेवतो, काटा शून्यावर आणतो,
धडा करून घेतो,
मग त्या बारांना पाणी घालतो
आणि किती घातलं
ते लिहीत नाही.